सुंदराबाईची अकोला गाडी

सुंदराबाई तायडे मोटारसायकल शिकली ती पन्नाशी उलटल्यावर, आणि शिकली ती निव्वळ हट्टानं. मुलगा नागसेन नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि त्याची गाडी अमरावतीत, राजापेठेतल्या घरापुढं प्लास्टिक पांघरून उभी राहिली.

"इकून टाकू," नवरा डोमाजी म्हणाला.

"इकता काहून? मी चालवतो," ती म्हणाली.

डोमाजीला वाटलं, बाई थट्टा करते. पण दिवाळीला नागसेन आला तेव्हा मायलेकरं रोज सकाळी दसरा मैदानावर जाऊ लागली. एके दिवशी गाडी एकदाही बंद न पडता अख्ख्या मैदानाला वळसा घालून आली, तेव्हा कडेला उभ्या डोमाजीनं विडी विझवली आणि घरची वाट धरली.

डोमाजी एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. अमरावती–अकोला रस्त्यावर त्याचं उभं आयुष्य गेलेलं. दोन चाकांवर मात्र त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "थांबलं की पडते, ते वाहन कायचं?" तो म्हणे. त्यामुळं वर्षभरात सुंदराबाईनं लायसन काढलं, राजापेठचा उड्डाणपूल पालथा घातला, भाजी आणली, नात्यातल्या बायकांना मागं बसवून लग्नांना नेलं, पण नवरा काही तिच्या मागं बसला नाही.

अशात मुलगी दीक्षानं अकोल्यात गोरक्षण रोडवर दातांचा दवाखाना टाकला. जानेवारीतला एक रविवार ठरला. फीत आईनं कापायची, असं तिनं फोनवर बजावलं.

"मी गाडीनं येतो," सुंदराबाई म्हणाली.

"कोणत्या गाडीनं?"

"माह्या."

दीक्षा हसली. सुंदराबाईनं फोन ठेवला आणि मनाशी म्हणाली, हस बाई, हस.

पण त्या दिवसाआधी रस्ता एकदा पाहून यावा, म्हणून डिसेंबरच्या अखेरीस ती सकाळी एकटीच निघाली. अंगात नागसेनचं जाकीट, डोक्याला हेल्मेट, हातात दुकानातले लोकरी मोजे. बडनेरा मागं पडेपर्यंत मजेत होती. मग उघडा रस्ता लागला आणि वारा मोज्यांच्या विणीतून आत शिरला. आधी बोटं दुखली, मग दुखायची थांबली, आणि तेच वाईट झालं. क्लच दाबायला गेली तर बोटं दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी नुसती पडून राहिली. कशीबशी गाडी एका ढाब्यापाशी उभी केली. ढाबेवाल्याच्या भट्टीपुढं हात धरले तेव्हा बोटांत जीव आला, आणि येताना अशी कळ घेऊन आला की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. ऊन चढल्यावर ती परत फिरली.

डोमाजी टोमणा मारील म्हणून ती तयारीत होती. तो एवढंच म्हणाला, "बसनं जाऊ. त्यात काय हाय."

टोमणा परवडला असता.

"मले तं या रस्त्यावर कधी थंडी वाजली नाई," तो जेवताना म्हणाला.

"तुमच्या मांडीजवळ इंजिन तापून राहत होतं. माह्या मांडीजवळ वारा हाय," ती म्हणाली, आणि ताट उचलून उठली.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या गल्लीतल्या कुलसुमबीकडं गेली. कुलसुमबी रजया भरायची. सासऱ्यापासून तिच्या घरात कापूस पिंजायचा धंदा. तिनं ते लोकरी मोजे तोंडाला लावून फुंकर मारली. फुंकर पलीकडं निघाली.

"देखा? ऊब तो तुमारे अंदरच है, बहन. ये हवा उसको चुराती. हवा रोको."

मग दोघी कामाला लागल्या. स्कूटरच्या जुन्या सीटचं रेक्झिन बाहेरून, आत पिंजलेला कापूस, त्याच्या आत मऊ फलाटीनचं कापड. हँडलवर चढवायची अशी दोन पिशवीवजा आवरणं शिवली. हात बाहेरून आत घालायचा, आतल्या आत क्लच दाबायचा. कोपऱ्यातून टाका सुटला, पुन्हा घातला. एकदा आवरण इतकं घट्ट झालं की आत गेलेला हात बाहेर येईना, तेव्हा दोघी हसून हसून बेजार झाल्या. शिवाय कापूस भरलेली एक बंडी, जाकिटाच्या आत घालायला.

"एक और सी," सुंदराबाई म्हणाली. "मोठी."

"किसके वास्ते?"

"आमच्या ड्रायव्हरसाठी. बसला तं बसला."

रविवारी तांबडं फुटायच्या आधी ती गाडी पुसत होती. डोमाजी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बसस्टँडकडं जायच्या तयारीनं, दारात उभा. तिनं मोठी बंडी त्याच्यापुढं धरली.

तो बंडीकडं पाहत राहिला. कुलसुमबीचा बारीक टाका, गळ्याशी दुहेरी पट्टी. बाईनं त्याच्या मापाची शिवून घेतली होती, विचारलंही नव्हतं.

"पाडशीन मले."

"पडलो तं दोघं पडू."

तो बसला. बडनेऱ्यापर्यंत त्यानं तिचे खांदे असे धरले होते, जसं काही तीच त्याचं स्टिअरिंग होती. "गियर बदल. हॉर्न दे. ट्रक येऊन राहिला." ती आपल्या मनानंच चालवत राहिली. बडनेऱ्यापुढं तोच उघडा रस्ता लागला, तोच वारा आला. ती वाट पाहत राहिली, आता दुखतील, आता दुखतील. बोटं दुखलीच नाहीत. आवरणाच्या आत ती पोळीच्या डब्यातल्या पोळ्यांसारखी गरम होती. तिनं एकेक बोट हलवून पाहिलं आणि हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसली.

लोणी गावाच्या पुढं धुकं दाटलं. तिनं वेग कमी केला. आणि त्या पांढऱ्यातून अचानक कापसानं ओथंबलेली ट्रॉली उभी राहिली, मागं ना लाल दिवा, ना कुणी माणूस. डोमाजीचा उजवा पाय सवयीनं हवेतच ब्रेक शोधत खाली दाबला गेला. पण ब्रेक सुंदराबाईच्या हाताशी होता, आणि बोटं तिचीच होती. गाडी न घसरता, न लचकता थांबली. ट्रॉली हातभर पुढं. तिनं दोन्ही पाय टेकले, श्वास घेतला, मागं पाहिलं, बाजूनं गाडी काढली.

त्यानंतर मागून एकही सूचना आली नाही. थोड्या वेळानं तिच्या ध्यानात आलं, खांद्यांवरचे हातही नाहीत.

मूर्तिजापूरच्या अलीकडं ऊन आलं. डोमाजी एकदम ओरडला, "अवं, थांब थांब!"

ती घाबरून थांबली. तो उजवीकडं पाहत होता. तुरीच्या शेतापलीकडं एक लहानसं तळं, त्यात पांढरे पक्षी.

"हे तळं कधी झालं?"

"पयल्यापासून हाय. मी बसच्या खिडकीतून पायतो ना नेहमी."

"मी कधी पाह्यलंच नाई," तो म्हणाला. "मले फक्त रस्ता दिसे." आणि खरोखरच पुढं त्यानं मानेला विसावा दिला नाही. हे देऊळ कुणाचं, ती निळ्या झेंड्याची वस्ती कोणती, विचारत राहिला. चहाला थांबले तेव्हा चहावाल्याला त्यानं न विचारता सांगितलं, "अमरावतीहून येऊन राहिलो. आमची बाई चालवते."

अकोल्यात शिरल्यावर मात्र सुंदराबाईनं वेग कमी केला. अमरावतीत तिला प्रत्येक खड्डा ठाऊक होता, कोणत्या वळणावर कोणता ऑटो अंगावर येतो तेही. इथं ऑटो वेगळ्याच बाजूनं घुसत होते, म्हैस दुभाजकावर बसली होती.

"आता कोणीकडं?" तिनं विचारलं.

"मले फक्त स्टँड माहीत हाय," डोमाजी ओशाळून म्हणाला.

ती हसली आणि विचारत विचारत निघाली. एका चौकात गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा गदारोळ झाला. अमरावतीत असती तर लाजली असती, ड्रायव्हर तायड्याची बायको म्हणून. इथं तिला कुणी ओळखत नव्हतं. तिनं निवांत न्यूट्रल केलं, गाडी सुरू केली आणि नेहरू पार्क चौकातून सफाईनं बाहेर पडली.

दवाखान्यापुढं मंडप होता. दीक्षा कुणाशी तरी बोलत होती. हेल्मेट निघालं, धुळीनं माखलेला चेहरा दिसला, आणि तिचं बोलणं अर्ध्यावर राहिलं.

"आई! तू? तिथून इथपर्यंत?"

"मंग काय उडून येऊ?"

दीक्षानं भरजरी साडीची पर्वा न करता तिला मिठी मारली. बुद्धवंदना झाली. सुंदराबाईनं फीत कापली.

जेवणं आटोपली, पाहुणे पांगले, ऊन कोवळं राहिलं नव्हतं. सुंदराबाईनं बंडी काढून खुर्चीवर टाकली.

"आई, मला फिरव ना तुझ्या गाडीवर," दीक्षा म्हणाली. "पण इथं कोणी पेशंट आला तर?"

"मी हाय ना," डोमाजी काउंटरमागं बसत म्हणाला. "पॅसेंजर थांबवून ठेवायची मले सवय हाय."

डॉक्टरीण बाई आईच्या मागं बसली. वारा आता गरम होता. सिग्नलला शेजारी स्कूटीवर दोन कॉलेजच्या पोरी थांबल्या, हेल्मेटखालून डोकावणाऱ्या पांढऱ्या केसांकडं, मग गाडीकडं पाहू लागल्या.

"काकू, भारी!" एक म्हणाली.

"माझी आई आहे," दीक्षा मागून म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला, आणि सगळ्यांच्या आधी सुंदराबाईची गाडी सुटली.