लुक आणि आफ्टरच्या मधला शब्द

आकांक्षा इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा लेखनातच. बोलणं जमायचं, ऐकलेलं कळायचं, पण कागदावर शब्द नको तिथे जाऊन बसायचे. ही परीक्षा पास झाली तर परदेशातल्या एका वृद्धाश्रमात नर्सचं काम मिळण्यासारखं होतं. वय अठ्ठावीस, नर्सिंगचा कोर्स झालेला, डिलाईल रोडच्या चाळीत एक खोली आणि त्या खोलीत डावी बाजू लुळी पडलेले वडील. रघु राणे, एकेकाळचे गिरणीत माग चालवणारे साचेवाले. तिकडे बस्तान बसलं की बाबांना बोलावून घेईन, असं ती सगळ्यांना सांगायची. तसं होत नसतं, हे तिलाही ठाऊक होतं.

दिवसा ती गिरगावातल्या एका वाडीत इनेझबाईंना सांभाळायला जायची. बाईंचं वय एक्क्याऐंशी, गुडघे पार गेलेले, डोकं मात्र शाबूत. उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलेला. एकुलता एक मुलगा वेन ऑस्ट्रेलियात. आकांक्षा त्यांना ‘टीचर’ म्हणायची. तिला परीक्षा द्यायची आहे हे कळल्यापासून बाईंनी जेवणानंतरची झोप सोडली. रोज दुपारी एक निबंध लिहून घ्यायचा आणि लाल पेनाने तो सोलून काढायचा, असा त्यांचा नेम झाला. त्या निमित्ताने म्हातारीच्या अंगात पुन्हा जीव आल्यासारखा झाला होता.

एकदा विषय होता, घरातली एक व्यक्ती. आकांक्षाने वडिलांवर लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘आय लुक केअरफुली आफ्टर माय फादर.’ बाईंचं पेन तिथेच थांबलं.

‘‘लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. हे दोन शब्द मिळून एक आहेत गो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कसं सांभाळतेस ते सगळ्यात शेवटी सांगायचं. आय लुक आफ्टर हिम वेल. वेल शोभतं, प्रॉपर्ली चालतं.’’

‘‘आणि मध्ये घातलं तर?’’

‘‘मध्ये घातलंस तर जोड सुटते. शी लुक्ड सॅडली आफ्टर हिम. म्हणजे तो निघून गेला आणि ती त्याच्या पाठीकडे खिन्नपणे बघत राहिली. सांभाळणं संपलं, नुसतं बघणं उरलं.’’

आकांक्षाने वाक्य नीट करून दिलं. ते व्याकरणात बसत होतं, पण खरं नव्हतं. सकाळी सातला वडिलांचं अंग पुसून, पेज भरवून ती बाहेर पडायची, ती संध्याकाळी सहाला उगवायची. मधल्या वेळात शेजारच्या रमाबाई दोनदा डोकावायच्या, चहा पाजायच्या, लघवीचं भांडं द्यायच्या. वडिलांना जे काही सांभाळणं मिळत होतं, ते रमाबाईंचं होतं. हे कुठल्याच निबंधात आलं नाही.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना रमाबाईंच्या भावजयीचं कणकवलीला अचानक काहीतरी झालं आणि त्या पहाटेच्या गाडीने निघून गेल्या. आकांक्षाची झोप मोडायला नको म्हणून जाताना दिवा दिसला त्या समोरच्या खोलीत सांगून गेल्या होत्या, पण समोरची मंडळी कामावर निघून गेली. आकांक्षा संध्याकाळी आली तेव्हा वडील फरशीवर पडले होते. सकाळी अकराच्या सुमाराला पाण्यासाठी उठायला गेले आणि कोसळले. सात तास तसेच होते. ओरडून ओरडून आवाज बसला होता. तिला बघून ते ओलं झालेलं धोतर उजव्या हाताने झाकायची धडपड करत राहिले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन हृदयाला झेपणार नाही, घरी न्या, आता यांचं उठणं नाही. आकांक्षाने वेनला निरोप पाठवून पंधरा दिवसांची सुट्टी मागितली. बदली बाई शोधायला वेळ लागला आणि मधले दोन दिवस टीचर एकट्या राहिल्या. वाडीतल्या कोणीतरी त्यांना ब्रेड नेऊन दिला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी वेनचं उत्तर आलं. चार ओळी होत्या. ‘मदर इज नॉट बीइंग लुक्ड आफ्टर प्रॉपर्ली’, म्हणजे आईला नीट सांभाळलं जात नाही, सबब ब्युरोकडून कायमची दुसरी बाई ठेवली आहे, किल्ली तिच्याकडे द्यावी. आकांक्षाला डिक्शनरी उघडावी लागली नाही. प्रॉपर्ली कुठे बसवलाय आणि का, ते तिला एका वाचनात कळलं.

ती किल्ली द्यायला गेली. नवी बाई स्वयंपाकघरात होती. आकांक्षाने मोबाइल टीचरच्या पुढे धरला. त्यांनी चष्मा सारखा केला, निरोप दोनदा वाचला. त्या वेनला फोन करतील, दोन शब्द सांगतील, असं आकांक्षाला वाटत होतं. बसने येताना सबंध वाट तिने तेवढाच विचार केला होता.

‘‘वाक्यात चूक नाही,’’ टीचर म्हणाल्या.

मग मान खाली घालून पुटपुटल्या की घर वेनच्या नावावर आहे, जास्त बोलले तर तो मलाच कुठल्यातरी होममध्ये टाकेल, मी कोण सांगणारी. आकांक्षाला राग यायला हवा होता, तो आला नाही. तिने सवयीने त्यांच्या पायाखालची उशी सरळ केली, किल्ली टेबलावर ठेवली आणि जिना उतरली.

परीक्षेच्या दिवशी वडिलांपाशी थांबायला कोणी नव्हतं. रमाबाईंचा फोन आला होता, आणखी महिना लागेल म्हणून. समोरच्यांना एकदा विचारून झालं होतं, त्यांना रजा मिळत नव्हती. पुन्हा विचारायची तिची छाती झाली नाही. नऊ वाजले, साडेनऊ झाले. दहाला पेपर सुरू होणार होता. तेव्हा ती कोमट पाण्यात फडकं पिळत होती. वडिलांच्या पाठीला पडून पडून जखम झाली होती आणि कालच्यापेक्षा ती रुपयाएवढी जास्त पसरली होती.

‘‘परीक्षा कधी असा तुझी?’’ वडिलांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं. 

‘‘झाली, बाबा.’’

‘‘बरी गेली मां?’’

‘‘बरी गेली.’’

‘‘मग आता जातलंस तू.’’

जखम धुऊन झाली, पावडर टाकली. मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून तिने त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवलं. ते कण्हले. पुन्हा दोन तासांनी वळवायचं होतं, त्यानंतर पुन्हा दोन तासांनी. खाली फेरीवाल्याने हाक दिली. तिने फडकं बादलीत टाकलं आणि तिथेच फरशीवर बसून राहिली.