रिकाम्या हौद्याचा राखणदार

मी बोलतोय तो पिकअपच्या पोटाखालून. मागच्या चाकांच्या ब्रेकच्या नळीवर बसवलेला मी एक मुठीएवढा व्हॉल्व्ह. आत्मवृत्त सांगावं एवढं आपलं आयुष्य आहे का, ही शंका मला आहेच. पण आभार मानायचे राहून जाऊ नयेत, म्हणून धीर करतो.

पिकअपचा हौदा भरलेला असला की मागची चाकं रस्ता घट्ट धरतात. तो रिकामा झाला की तीच चाकं हलकी होतात. तेव्हा ब्रेक जोरात दाबला तर ती फिरायची थांबून नुसती घसरतात आणि गाडीची मागची बाजू पुढे यायला बघते. चाकं अडकू लागली की मी दाब क्षणभर सोडतो, पुन्हा धरतो. गाडी सरळ राहते. एवढंच माझं काम. गाडी लवकर थांबेलच असं नाही, आणि पुढची चाकं माझ्या हातात नाहीत.

माझा मालक सुतार. जाताना कपाटं, येताना रिकामा हौदा. शेजारी त्याची बायको, कारण कड्या-बिजागऱ्या तीच बसवते.

एकदा स्टिअरिंगसमोरचा, माझा बिघाड दाखवणारा पिवळा दिवा विझेना. गॅरेजवाला गाडीखाली शिरला.

"काका, वायर तोडून टाकू? निम्म्याच चाकांना आहे हे. असून नसून सारखं."

"तोड," सुतार म्हणाला. मी गार पडलो.

"अहो, निम्मंच काम करतो म्हणून तोडायचं?" बायको म्हणाली, "मग घरी तुमचं काय करू मी?"

गॅरेजवाला हसत पुन्हा खाली शिरला. चाकांचा वेग मला कळवणाऱ्या सेन्सरला लोखंडाचा भुगा चिकटला होता. तो पुसताच दिवा विझला. "पण काका, पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग ऐकणार नाही हं. पाय जरासा सैल करायचा." सुताराने नुसती मान डोलावली. बायकोने ऐकलं.

काही दिवसांनी, रिकामे परतताना, ओल्या उताराच्या वळणावर समोरच एक बाई सायकलवरून पडली. सुतार ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला. मी दाब सोडला, धरला, सोडला. मागची बाजू हलली नाही. पण पुढची चाकं अडकली होती. तो स्टिअरिंग फिरवत होता आणि गाडी सरळ तिच्या अंगावर चालली होती. मला काहीच करता येत नव्हतं.

"अहो, पाय सैल करा!"

त्याने केला. चाकं फिरली, गाडी वळली आणि सायकलला खेटून पुढे थांबली.

"दिसत नाही का हो?" बाई उठत ओरडली.

"दिसलात म्हणून तर वाचलात, ताई," म्हणत सुताराने उतरून तिची सायकल उचलली.

आता चारही चाकं सांभाळणाऱ्या गाड्या आल्या आहेत. मी मात्र इथेच आहे, अजून कामाचा आहे. त्या हाकेचे आणि त्या पायाचे उपकार मी विसरलेलो नाही. तुम्हीही रिकामे परताल, तेव्हा सावकाश या. मागचं मी बघतो. पुढचं तेवढं तुम्ही बघा.