ओझेलाची राखलेली जागा

ओझेलाचं घर जळलं त्याला नऊ वर्षं झाली. पालिकेने उरलंसुरलं पाडलं, तळघरात राडारोडा लोटून वर माती पसरली आणि ओझेला मुलाकडे, दूरच्या उपनगरात राहायला गेली. "येईन गं परत," म्हणाली. म्हणून माझ्या घराला लागून असलेल्या त्या रिकाम्या जागेवर मी दर शनिवारी गवत कापायचं यंत्र फिरवत आले. डेट्रॉइटच्या आमच्या गल्लीत सगळेच शेजारची जागा अशी राखतात. गवत वाढलेलं दिसलं की लोक जुने टायर आणून टाकतात.

जमिनीने मात्र माझं फारसं मनावर घेतलं नाही. आधी नुसतं तण, मग निळी रानफुलं, मग फुलपाखरं. तिसऱ्या वर्षी स्वयंपाकघराच्या पायऱ्या होत्या तिथे ओझेलाच्या रुबार्बचे आंबट लाल देठ आपणहून वर आले. तेवढा कोपरा मी कापायचा सोडला, तर त्यात रानकोंबडीसारख्या फेझंटच्या मादीने अंडी घातली. माझा नवरा गेला त्या उन्हाळ्यात मी बोलायचे ते त्या पाखराशीच.

मार्चमध्ये बिल्डरकडची एक पोरगी कागद घेऊन दारात आली. करापोटी पालिकेकडे गेलेल्या या जागेवर इमारत होणार, शेजारी म्हणून माझी हरकत आहे का?

"एवढ्या रिकाम्या जागा सोडून हीच बरी सापडली?"

"मिस व्हर्डेल, बाकीकडे टायरचे ढीग आहेत. हीच तेवढी छान राखलेली."

घ्या! मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला होता. तिला तिथेच उभी ठेवून मी ओझेलाला फोन लावला.

"तुझी जागा चालली! मी हरकत घेतेय."

"खबरदार! अगं, तळमजला म्हाताऱ्यांसाठी आहे. गल्लीतल्या जुन्या लोकांना पहिला मान. मी नाव घातलंय."

"आणि मला पत्ता नाही?"

"तुला सांगितलं असतं तर गवत कापायचंच थांबवलं असतंस. ओळखते मी तुला." मग तिचा आवाज उतरला. "नऊ वर्षं सुनेच्या घरात पाहुण्यासारखी राहतेय मी. मला घर हवंय गं."

मी बाजूच्या जागेकडे पाहिलं आणि मनापासून त्या जमिनीचे आभार मानले. नवऱ्यामागची एवढी वर्षं तिनेच मला सांभाळलं होतं.

"हरकत नाही, असं लिही," मी पोरीला म्हटलं. "सुरू कधी करणार?"

"पुढच्या वर्षी मे महिन्यात."

"एवढा उशीर कशाला? आम्ही दोघी ऐंशीला टेकलोय."