गेरूची खूण

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नाहीत. जतच्या बाजारात एकदा कुणीतरी त्यांचं मेंढरू बदललं. दुधानं तोंड पोळलेला माणूस, तेव्हापासून ताकही फुंकून पितो. मेंढरू घरातून निघायच्या आधी त्याच्या पाठीवर गेरूची खूण करतात. आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भरली म्हणून बदलायची ठरली, तेव्हा त्यांनी तिलाही गेरू फासला.

डिस्क बदलणार होता माझा आतेभाऊ अमृत. त्याचं कराडला दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या डिस्कवर आईचे व्हिडिओ होते. गेल्या वर्षी वारलेली आई त्यात एकेका मेंढराला नावानं हाक मारते, शिव्याही घालते. तो आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता. अमृतनं सगळं नव्या, मोठ्या डिस्कवर उतरवलं आणि चालवून दाखवलं. मग आप्पांनी जुनी डिस्क डोळ्यांदेखत कोरी करून घेतली आणि पिशवीत टाकली.

"माझ्या बायकूचा आवाज परक्याच्या हाती ऱ्हायाला नगं," ते म्हणाले. भाचा परका! मला लाजच वाटली.

घरी येऊन आम्ही बघतो तर सी-ड्राइव्ह होती तेवढीच, काठोकाठ भरलेली.

"बघ समीक्षा! कुणाची तरी जुनीच बसवली त्यानं. नवीला खूण करायची ऱ्हायली माझी."

मी अमृतला स्पीकरवर फोन लावला. तो हसला. "आवं मामा, मेंढरांचा वाडा मोठा झालाय, पर जाळी जुन्याच खुंट्यांवर हाय. शेजारची डी-ड्राइव्ह पुढं सरकवली की सी पसरंल. हितनंच करतो. हुईस्तवर कशाला हात लावू नगा."

पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. आप्पांनी खुर्ची जवळ ओढली.

"ह्यो कोण फिरवतोय?"

"अमृतच. कराडहून."

"म्हंजी घरात शिरला की! डी-तच तुझी आई हाय न्हवं? कुठं न्हेतोय तिला?"

"सरकवतोय फक्त, आप्पा," म्हणत मी चहा टाकायला गेले. परत आले तर पडदा काळा आणि वायर आप्पांच्या हातात.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, पण डी-ड्राइव्ह काही उघडेना. अमृतनं फोनवरून नाना खटपटी केल्या. शेवटी म्हणाला, "मामा, सरकवताना मधीच तुटलं. आता न्हाई यायची."

माझा तोल सुटला. "आईला तुम्हीच घालवलंत, आप्पा!"

ते पिशवीतली गेरू लावलेली डिस्क काढून तिच्याकडे बघत बसले. ती तर त्यांनीच कोरी करून घेतली होती.

फोन अजून चालूच होता. "मामा," अमृत चाचरत म्हणाला, "एक सांगू? रागावू नगा. जुनी कोरी करायच्या आदी मी मामीचे व्हिडिओ माझ्याकडं उतरवून घेतलं हुतं. तुमास्नी न इचारता."

"चोरून?"

"व्हय. मलाबी मामीचा आवाज पायजे हुता."

आप्पांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"मला पयल्यापास्नं ठावं हुतं," ते म्हणाले, "तू चोर हाईस रं." आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडू लागले.