तीनच्या आत परता

कस्तुराने साडीचा काठ गुडघ्याच्या वर खोचला, चपला नवऱ्याच्या हातातल्या पिशवीत कोंबल्या आणि पहिलं पाऊल पाण्यात टाकलं. पाणी पोटरीपर्यंत आलं. दुपारी याच वाटेने ते दोघं ओल्या वाळूवरून चालत किल्ल्यात आले होते.

“इथंच थांबू,” मागून भीमराज म्हणाला. “भरतीला होड्या येतात म्हणे.”

“आणि नाही आल्या तर? रात्रभर बसायचं का आत? चला. गुडघ्याएवढं तर आहे.”

तिच्या आवाजात जरब होती. पण उशीर तिच्यामुळेच झाला होता. किनाऱ्यावरच्या टांगेवाल्याने बजावलं होतं, तीनच्या आत परता. तटावर बसून समुद्र बघताना ती तीनदा म्हणाली होती, अजून दहा मिनिटं. तिने समुद्र याआधी एकदाच पाहिला होता, दादरला, सहा डिसेंबरच्या गर्दीत, माणसांच्या डोक्यांवरून दिसेल तेवढा. आता सगळा समोर होता, तर उठवेना.

भीमराज ऑक्टोबरात चाकणच्या कंपनीतून निवृत्त झाला. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या साक्षीने आईवडिलांसाठी नाताळच्या सुट्टीत ही सहल ठरवली. अलिबाग, मुरुड, रत्नागिरी, मालवण. आठ दिवस, चार गावं, प्रत्येक ठिकाणची खोली आधीच सांगून ठेवलेली. संत तुकाराम नगरातल्या शेजारणींना कस्तुराने ती यादी पाठ म्हणून दाखवली होती. आजचा पहिलाच दिवस होता, अलिबागचा.

पन्नास पावलांवर पाणी मांड्यांपर्यंत चढलं. ते समोरून येत नव्हतं. डावीकडूनही येत होतं, उजवीकडूनही, आणि दोन्हीकडच्या लाटा तिच्या पायांशी येऊन एकमेकींवर आदळत होत्या. प्रत्येक लाट परतताना टाचेखालची वाळू ओढून नेत होती. एक पाय खडकावरच्या शेवाळावर घसरला. ती पडली नाही, पण कमरेपर्यंत भिजली आणि जागीच उभी राहिली.

तिने मागे पाहिलं. किल्ल्याचा दरवाजा लांब गेला होता. पुढे किनाऱ्यावरची माणसं अजून मुंगीएवढीच होती.

“अहो, मला पुढं जाता येईना.”

“मी आलो.”

“मागं पण जाता येईना. माझे पायच उचलत नाहीत.” तिचे दात एकमेकांवर आपटत होते. पाणी तसं गार नव्हतं.

भीमराज बाजूला येऊन उभा राहिला. पिशवी त्याने डोक्यावर धरली होती. दुसरा हात त्याने तिच्यापुढे केला, डावा, तीन बोटं अर्धी असलेला. कस्तुराने तो मनगटाशी घट्ट पकडला. पकडल्यावर तिला कळलं की तो हात थरथरतोय. तिच्यापेक्षा जास्त.

“किनाऱ्याकडं बघू नको,” तो म्हणाला. त्याचा आवाज मात्र शांत होता. “पुढचं पाऊल कुठं टाकायचं तेवढंच बघ. टाकलं? आता ते विसर. दुसरं.”

तिने पाऊल टाकलं. मग दुसरं. लाट आली की तो थांबायचा, गेली की हाताला हलकी ओढ द्यायचा. पाणी कमरेच्या वर आलं. पोटावरून लाट गेली की तिचा श्वास वरच्या वर राहायचा. आपण इथंच संपणार, साक्षीला कोण सांगेल, असं तिच्या मनात आलं आणि तिने मुद्दाम खाली पाण्यात पाहिलं. पाणी गढूळ होतं. पाय दिसत नव्हते.

“तुम्हाला पण भीती वाटतीय,” ती म्हणाली.

“हो.”

“मग हे असं बोलता कसं येतंय तुम्हाला?”

त्याने तिला दोन पावलं पुढं नेलं.

“सवय आहे,” तो म्हणाला. “बोटं गेल्यावर दोन महिन्यांनी परत त्याच पत्र्याच्या प्रेसवर बसवलं ना मला. पहिल्या दिवशी असंच झालं. पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर काढायचा, मग बटण. हात बाहेर आलाय हे दिसत असायचं, तरी पटायचं नाही. शिफ्ट संपायला किती वेळ आहे ते बघितलं की उठून पळावंसं वाटायचं. म्हणून फक्त पुढचा पत्रा बघायचो.”

“किती दिवस?”

“दिवस कसले. ऑक्टोबरपर्यंत.”

लाट आली. तो थांबला, तीही थांबली. तिने मनात हिशेब करून पाहिला. साक्षी तेव्हा दीड वर्षाची होती. आता ती सत्तावीसची.

“मला कधी बोलला नाहीत.”

“तू सगळ्यांना सांगायचीस, बोटं गेली तरी आमचे हे परत त्याच मशिनवर गेले, घाबरले नाहीत.” तो रागाने म्हणत नव्हता. “बरं वाटायचं ऐकायला. मग कसं बोलणार? सकाळी पाचला तू उठवायचीस, तेव्हा मी तीनपासून जागाच असायचो. चल, पाऊल टाक.”

किनाऱ्याकडून कोणीतरी ओरडत होतं. दुपारचाच टांगेवाला होता. घोडा पाण्यात घालून तो अर्ध्या वाटेपर्यंत आला होता.

“उजवीकडं नको, खोल हाय! सरळ या माझ्याकडं!”

ते सरळ गेले. पाणी कमरेवर उतरलं, मग मांड्यांवर. टांगेवाल्याने दोघांना वर ओढून घेतलं आणि किनारा येईपर्यंत शिव्या दिल्या. कस्तुराने त्या मान खाली घालून ऐकल्या. भीमराजचं मनगट तिने सोडलं नव्हतं. खाली उतरल्यावर पाहिलं तर तिथे तिच्या नखांच्या चार खुणा उमटल्या होत्या.

त्या रात्री अलिबागच्या खोलीत दोघांनी भात खाल्ला. सकाळी साक्षीचा फोन वाजला. कस्तुराने तो पहिल्या घंटीलाच उचलला.

“आई, निघालात ना? साडेआठ वाजले. जंजिऱ्याला लवकर गेलं तरच होडी मिळते. पप्पांकडे दे.”

“झोपलेत.”

“पप्पा? आत्तापर्यंत? बरं नाहीये का त्यांना? उठव ना मग.”

कस्तुराने खाटेकडे पाहिलं. भीमराज कुशीवर वळून झोपला होता. तोंड किंचित उघडं होतं आणि तो घोरत होता.

“हळू बोल,” ती म्हणाली, आणि बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं.