मनगटबाईंचा उजवा हात

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप समजावी. पण एका डावखुऱ्या माणसाच्या अंगठ्यापायी जगभरचे त्वचेचे डॉक्टर सतरा वर्षं भलताच हात बघत बसले होते, आणि हे ज्या सकाळी उघडकीला आलं ती सकाळ मनगटबाईंच्या आयुष्यातली सगळ्यात लांबलचक सकाळ होती.

मनगटबाई म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या त्वचाविभागातल्या संशोधक डॉक्टरीणबाई. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. पाठीमागे घेत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी एक लेख छापला होता. अकरा रुग्ण, अकरा फोटो आणि एक नवाकोरा रोग: उजव्या मनगटावर शर्टाच्या बटणाएवढा लाल, खाजरा चट्टा. तोच डाव्या मनगटावर असता तर काल शिकायला आलेला डॉक्टरही म्हणाला असता, घड्याळाच्या बकलाचा धातू सोसत नाही, घड्याळ काढून ठेवा. पण उजव्या मनगटावर घड्याळ बांधतंय कोण? म्हणून घड्याळ बाद, आणि म्हणून रोग नवा. लेखाचा सगळा डोलारा त्या दोन ‘म्हणून’वर उभा होता.

उभा म्हणजे कसा, ढगाला टेकेल असा. त्या लेखाला सहाशे बेचाळीस सायटेशन मिळाली होती. म्हणजे जगातल्या सहाशे बेचाळीस लेखांनी आपापल्या शेपटाला बाईंचं नाव बांधलं होतं. जिथली माणसं वर्षातले आठ महिने हातमोजे काढत नाहीत, तिथल्या डॉक्टरांनी हातमोजे ओढून काढून हा रोग शोधला. एका पथकाने तर हा रोग डावखुऱ्या लोकांना चौपट होतो असं आकडेवारीनिशी सिद्ध केलं. का होतो, ते त्यांना सांगता आलं नाही, म्हणून त्यांनी बाईंचा संदर्भ एकदा सोडून दोनदा दिला. दवाखान्यांचा शिरस्ताच पडून गेला. डावं मनगट घेऊन कोणी आला की घड्याळ काढायला सांगायचं. उजवं घेऊन आला की मनगटबाईंचा रोग, आणि गोळ्या. गोळ्या जालीम होत्या. चेहरा सुजायचा, झोप उडायची, चट्टा मावळायचा आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा हजर.

बाईंच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेखाला नऊ सायटेशन होती. त्यातली पाच त्यांची स्वतःचीच.

तर त्या सकाळी अकरा वाजता निवड समिती बसणार होती. बाई सतरा वर्षं करारावर होत्या. दर दोन वर्षांनी नवी सही. आज त्यांना विभागप्रमुख म्हणून कायम करायचं की महिनाअखेर टेबल रिकामं करायला सांगायचं, याचा निकाल लागणार होता. त्यांच्या बाजूने बोलणारी गोष्ट एकच: सहाशे बेचाळीस.

बाई आठ वाजता चहा घेत होत्या. त्यांची मुलगी समोर येऊन बसली. लेख आणि लेक एकाच वर्षीची, असं बाई नेहमी म्हणत, आणि लेक म्हणे की त्यातल्या लेखाचेच लाड जास्त झाले. तिने डावा हात पुढे केला आणि म्हणाली, “आई, तुझा रोग बरा झाला बघ.”

तीन आठवड्यांपूर्वी तिला नव्या घड्याळामुळे चट्टा उठला होता. बाईंनी घड्याळ काढायला लावलं आणि विसरून गेल्या. लेक विसरली नव्हती. तिने आपल्या चट्ट्याचा फोटो काढून ठेवला होता, आणि गंमत म्हणून तो आईच्या लेखातल्या सात नंबरच्या फोटोशेजारी ठेवला होता. कड तीच, खवले तेच, मधोमध बकलाच्या काट्याएवढी कोरी जागा तीच. फक्त उलटं. तिने आपला फोटो मोबाइलवर आरशासारखा फिरवला आणि दोन्ही फोटो तंतोतंत जुळले.

बाई म्हणाल्या, योगायोग. चहा तसाच ठेवून त्या निघाल्या.

इस्पितळाच्या व्याख्यानगृहात फोटोकाका जुना स्लाइड प्रोजेक्टर पुसत होते. काका म्हणजे विभागाचे निवृत्त फोटोग्राफर. त्या अकरा जणांचे फोटो त्यांनीच काढले होते. लेखाच्या शेवटी आभारात त्यांचं नाव अर्धी ओळ आलं होतं, आणि ते पान त्यांनी घरी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं होतं. कपडे काढताना रोज दिसावं म्हणून. बाई सगळ्यांना सांगत, हे काका म्हणजे माझा उजवा हात. काका हसत, कारण काका पक्के डावखुरे. लिहिणं, जेवणं, कॅमेऱ्याचं बटण, सगळं डाव्या हाताने.

समितीतल्या बाहेरून आलेल्या म्हाताऱ्या तज्ज्ञांनी मूळ स्लाइड बघायचा हट्ट धरला होता. छापील फोटो नकोत, स्लाइडच हव्यात. चाळीस वर्षांत आपल्याला उजव्या मनगटाचा एकही रुग्ण भेटला नाही, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. आणि तो जुना प्रोजेक्टर काकांशिवाय कोणाचं ऐकत नसे, म्हणून काकांना घरून बोलावलं होतं.

काका एकेक स्लाइड उचलून गोल ट्रेमध्ये सोडत होते. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली पारदर्शक फिल्म, दोन्ही बाजूंनी दिसणारी; त्या पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यावर लाल ठिपका असतो. त्या ठिपक्यावर अंगठा ठेवून स्लाइड सोडली की चित्र पडद्यावर सरळ पडतं. हा या धंद्यातला जुना करार. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काकांचा अंगठा दर वेळी बरोबर ठिपक्यावर पडत होता.

डावा अंगठा.

सतरा वर्षांपूर्वी बाईंनी याच स्लाइड घरी बसून खिडकीच्या उजेडात पाहिल्या होत्या. ठिपक्यावर अंगठा ठेवून, जगातली बाकीची माणसं ठेवतात तसा. उजवा. छापखान्यानेही तेच केलं होतं.

त्यांनी विचारलं, ठिपके लावले कोणी? काका म्हणाले, मीच की, दुसरं कोण लावणार. मग हात दाखवत म्हणाले की त्यांच्या अंगठ्याला सोईचा तोच कोपरा. स्वतः लावल्या तर हात सरळ दिसतात; दुसऱ्या कोणी लावल्या तर आरशात बघितल्यासारखे.

“आणि रुग्णांचे हात, काका? कुठले होते?”

“डावे. अकराच्या अकरा. मी एकेक हात माझ्या हातात धरून फोटो काढलेत, बाई. काहींना तर घड्याळ काढा म्हणून सांगावं लागलं होतं.”

काकांच्या स्वतःच्या उजव्या मनगटावर घड्याळ होतं. डावखुरा माणूस ते आणखी कुठे बांधणार? बाईंच्या डोळ्यांसमोर ते चौपटवालं पथक उभं राहिलं.

घड्याळात साडेदहा झाले होते. बाहेर पॅसेजमध्ये खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. बाईंच्या मनात दोन बाया भांडायला लागल्या. एक म्हणत होती की आत जा आणि सांगून टाक. आजही कुठेतरी कोणीतरी सुजलेल्या चेहऱ्याने गोळी गिळत असेल आणि त्याच्या मनगटावर घड्याळ टिकटिकत असेल. दुसरी काही बोलतच नव्हती, फक्त आकडा सांगत होती. सहाशे बेचाळीस वजा सहाशे बेचाळीस. उरतात नऊ. त्यातली पाच आपलीच.

“काका,” बाई म्हणाल्या, “ट्रे परत भरा. ठिपका उजव्या अंगठ्याखाली धरून.”

“मग हात उलटे पडतील.”

“तसेच पडू देत.”

काकांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग खाली मान घालून ते स्लाइड काढायला लागले. उजव्या अंगठ्याने लावताना त्यांच्या हातून दोन पडल्या. बाईंनी त्या उचलून दिल्या.

अकराला दिवे मालवले. अध्यक्ष मधोमध, त्यांच्या शेजारी म्हातारे तज्ज्ञ, दाराशी टिपणं घेणाऱ्या लेखनिकबाई. पडद्यावर एक नंबरचं मनगट आलं. उजवं. दोन नंबरचं, उजवं. दर वेळी ट्रे खटकन पुढे सरके आणि बाईंचा जीव तेवढाच खटकन वर येऊन खाली बसे. अकराही उजवी मनगटं पडद्यावरून गेली. अध्यक्षांनी मान डोलावली. असा सायटेशनचा आकडा या इमारतीत कोणाच्या नावावर नाही, असं ते म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं.

म्हाताऱ्या तज्ज्ञांनी मात्र अध्यक्षांच्या हातावर हात ठेवला. त्यांच्यापुढे रुग्णांचे जुने कागद होते. चष्मा कपाळावर ढकलत त्यांनी शांतपणे विचारलं की या कागदांत नुसतं ‘मनगटावर चट्टा’ एवढंच लिहिलंय. उजवं की डावं, ते एकातही नाही. फोटोचं काय, फोटो उलटाही पडतो. मग उजवं, हे बाईंना कळलं कशावरून?

पडद्यावर सात नंबरचं मनगट थांबलं होतं. तज्ज्ञांनीच ते मागे घ्यायला लावलं होतं. कड तीच, खवले तेच, मधली कोरी जागा तीच. बाईंना सकाळची लेक दिसली, हात पुढे करून बसलेली.

अजून बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

पण अध्यक्षांच्या हातात पेन उघडं होतं.

“कशावरून म्हणजे?” बाई म्हणाल्या. आवाज अजिबात कापला नाही, उलट छान घुमला. “फोटोवर मी विसंबलेच नव्हते. अकराही रुग्ण मी स्वतः तपासले. प्रत्येकाचा हात माझ्या हातात धरून.”

अध्यक्षांनी पेन कागदावर टेकवलं. प्रोजेक्टर बंद झाला आणि पडद्यावरचं मनगट विझलं.

“हे खोटं आहे, बाई,” मागून काका म्हणाले. “हात मी धरले होते. तुम्ही तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होतात. स्लाइडचा डबा घरी आणून द्यायला मीच आलो होतो, आणि तुमच्या मांडीवर लेक होती.”