चवीपुरतं

"रक्त आजही आहे," लंगोटाकडे बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नवी पावडर सुरू करून तीन आठवडे झाले ना? एव्हाना थांबायला हवं होतं."

सुनेने बाळाला उचलून खांद्याशी घेतलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या मावशींनी हातातली पिशवी उगाचच या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

मावशी म्हणजे तिच्या सासूबाई. तीस वर्षं त्यांनी नर्सेसच्या वसतिगृहात स्वयंपाक केला, म्हणून सगळ्यांच्या त्या मावशी. आपल्या हातचं ताट कधी उष्टं परत आलं नाही, हे त्या कुणी न विचारताही सांगत. चाखल्याशिवाय कुणाच्या पानात काही वाढायचं नाही, ही त्यांची शिस्त.

आणि शिस्तीनेच घात केला. नातीला साधी दुधाची पावडर सोसेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दुसरी लिहून दिली. हिच्यात दुधातली प्रथिनं आधीच फोडलेली असतात, नाजूक पोटालाही ती झेपतात. सून कामावर गेल्यावर मावशींनी पहिली बाटली भरली आणि सवयीने दोन थेंब जिभेवर घेतले. कडूजहर, वर कुबट वास. नातीनेही तोंड वेडंवाकडं करून बाटली जिभेने ढकलून दिली.

फडताळात जुन्या पावडरचा अर्धा डबा होता. मावशींनी त्यातला एक चमचा घातला, अगदी चवीपुरता. नात घटाघटा प्यायली, आणि मावशींचा जीव भांड्यात पडला. एका चमच्याने काय होतंय, म्हणता म्हणता तो दर बाटलीत पडू लागला. दुसऱ्या आठवड्यातही लंगोटात रक्त दिसलं. एक दिवस त्यांनी चमचा बंद केला, पण नात उपाशी रडायला लागली तसा धीर सुटला. डबा पुन्हा निघाला.

"उद्या ॲडमिट करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भूल देऊन आतडं दुर्बिणीने बघावं लागेल."

"माझंच काहीतरी चुकतंय का हो?" सुनेने विचारलं. "मी बाटल्या नीट उकळत नसेन. आई बिचाऱ्या दिवसभर एवढं करतात, घोळ माझाच असणार."

ते 'बिचाऱ्या' मावशींना सोसलं नाही.

"भूल नका देऊ," त्या म्हणाल्या. "मी जुनी पावडर घालत होते. दर बाटलीत एक चमचा."

"कशासाठी?"

"तिला कडू लागायचं." मावशी खाली बघत राहिल्या. "मला लागायचं."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन ठेवलं. "एवढंसंही रक्त यायला पुरतं हो, मावशी. आता दोन आठवडे नुसती नवी पावडर द्या. थोडी थोडी देत राहा, चवीला सरावेल ती. तपासणी तूर्त नको."

घरी आल्या आल्या सुनेने जुना डबा मोरीत रिकामा केला.

"बोल गं काहीतरी," मावशी म्हणाल्या. "ओरड हवं तर."

"तीन आठवडे मी स्वतःला दोष देत रडत होते, आई. तुम्ही समोर बसून माझी समजूत काढत होतात."

लाजेने त्यांना मान वर करवेना.

दुसऱ्या दिवसापासून सून लवकर उठून दिवसभराच्या बाटल्या स्वतः भरून फ्रिजमध्ये ठेवू लागली. मावशींकडे राहिलं ते फक्त कोमट करून पाजणं. नात आधी कुरकुरली, मग पिऊ लागली. नवव्या दिवशी मावशींनी सुनेला कामावर फोन केला.

"आज लंगोट स्वच्छ आहे गं. रक्ताचा टिपूसही नाही."

"धुऊ नका, आई," सून म्हणाली. "मी येऊन बघते."

"बरं," मावशी म्हणाल्या. त्यांनी लंगोट कागदावर उलगडून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत त्याला हात लावला नाही.